कोपरा फाटलेला लिफाफा

गेल्या वर्षी पुण्याचे एक गृहस्थ माझ्याकडं आले होते. जुने लिफाफे, टपालाची तिकिटं, शिक्के असलं जमवतात म्हणे. माझ्याकडं पहिल्या लढाईतल्या कैद्यांचे लिफाफे आहेत, हे त्यांना कुणी सांगितलं देव जाणे. मी बाजेखालचा पत्र्याचा डबा ओढून त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी चष्मा बदलला, काटा काढायचा असतो तसला चिमटा खिशातून काढला आणि एकेक लिफाफा उचलून बघायला लागले. चांगले एका बाजूला, बरे दुसऱ्या बाजूला. एक लिफाफा मात्र त्यांनी चिमट्यानंच उचलून खाली सोडून दिला. म्हणाले, "याचा कोपरा फाटलाय, मधे चार तुकडे झालेत, वरून खळीनं चिकटवलाय. याला काही किंमत नाही."

मी सगळे लिफाफे गोळा केले, डब्यात भरले, झाकण लावलं आणि त्यांना चहा पाजून एसटीला बसवून दिलं. ते बिचारे गाडीत बसेपर्यंत विचारत होते, माझं काही चुकलं का. त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण ज्याला त्या लिफाफ्याची किंमत कळत नाही त्याला बाकीचे द्यायचे नाहीत असं मी ठरवलं, आणि मी एकदा ठरवलं की ठरवलं.

त्यांना मी गोष्ट सांगितली असती, पण सांगायची बंदी होती. यंदा बंदी उठली. कशी उठली ते शेवटी लिहितो. दिवाळी अंकवाल्यांनी लिहा म्हटलं तेव्हा मी एकच अट घातली, माझ्या लिहिण्याला कुणी हात लावायचा नाही. शाळेत मी दोन वर्षं गेलतो. पुढचं अक्षर मी लिफाफ्यांवरून शिकलो, तेव्हा वेलांटी इकडची तिकडं झाली तर वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

निजामाच्या राज्यात मी डाकेचा हलकारा होतो. आताच्या पोरांना हलकारा ठाऊक नाही. डाकेची थैली पाठीवर टाकून पळत न्यायची, हे हलकाऱ्याचं काम. मोटार नव्हती, आणि आमच्या बाजूला रेल्वे आजही नाही. नगरकडून इंग्रजी मुलखातली डाक यायची. हद्दीवरच्या चौकीत त्यांचा माणूस थैली टाकायचा, मी उचलायची आणि सहा कोसांवरच्या आमच्या डाकघरात मुन्शींपुढं नेऊन ठेवायची. दुसऱ्या दिवशी इकडची थैली घेऊन परत हद्दीवर. वाटेवरच्या गावांची पत्रंही मीच वाटायचो, त्या भागाला वेगळा माणूस नव्हता. हातात भाला, भाल्याला घुंगरं. भाला लांडग्यासाठी दिला होता म्हणतात. लांडगा मला दोनदाच भेटला आणि दोन्ही वेळा तोच आधी पळाला. घुंगरांचा मात्र उपयोग व्हायचा. वावरात खुरपणाऱ्या बायांना कळायचं, दगडू आला.

कायदा एकच होता. थैली थांबवायची नाही आणि वाट सोडायची नाही. ताप असो, पूर असो, घरात लगीन असो. वाट सोडली की नोकरी गेली. तेवीस वर्षांत माझी थैली एकदाच उशिरा पोचली. त्या एका वेळेचीच ही हकीगत आहे.

लढाई लागली तेव्हा आमच्याकडची पुष्कळ पोरं हद्द ओलांडून नगरला गेली आणि इंग्रजाच्या पलटणीत भरती झाली. रयत निजामाची, बंदूक इंग्रजाची. त्यांना बसऱ्याला नेलं, बसऱ्याच्या पुढं नेलं, आणि तिथं तुर्कांनी गराडा घालून पलटणीच्या पलटणी कैद केल्या. वर्षभर कुणाची काही खबर नाही. आणि मग ती पत्रं यायला लागली.

तसली पत्रं मी आधी कधी बघितली नव्हती. तिकीट नाही, कारण कैद्याच्या पत्राला तिकीट लागत नसे. तिकिटाऐवजी शिक्केच शिक्के. तुर्कांचा शिक्का, इंग्रजांचा शिक्का, मधल्या कुठल्या मुलखाचा शिक्का. बाजूनं फोडून पुन्हा पट्टी चिकटवलेली, कारण दोन्हीकडचे साहेब वाचून बघणार. आमच्याकडं तिकीट नसलेलं पत्र म्हणजे बैरंग, घेणाऱ्यानं दुप्पट दाम द्यायचे. एका गावी एक म्हातारा माझी घुंगरं ऐकून मागच्या दारानं पळाला होता. त्याच्या पोराचं पत्र घेऊन मी त्याच्या मागं ज्वारीच्या रानातून पळालो. "फुकट हाय बाबा, फुकट हाय!" असं ओरडत. दुसऱ्या एका पाटलाला पत्र मिळालं त्यात निम्म्या ओळी काळ्या शाईनं पुसलेल्या. पाटील तीन दिवस ते पत्र उन्हाला धरून बघत होता. शेवटी मला म्हणाला, "दगडू, उघडं ठिवलंय ते तर कुनीबी वाचंल. पोरानं खरं काय लिवलंय ते काळ्याच्या खालीच हाय बघ."

पहिला लिफाफा मला हाजराबीनं दिला. ती कडा गावच्या बाजारात सीताफळं आणि पेरू विकायची. तिचा एकुलता यासीन त्याच कैदेत होता. यासीनला उर्दू लिहिता-वाचता यायचं. तुर्कांच्या पत्त्यांची अक्षरं आणि उर्दूची अक्षरं सारखीच, म्हणून तिथं त्याला कैद्यांची पत्रं लावायच्या कामाला घेतलं होतं. हाजराबीला स्वतःला अक्षर येत नव्हतं. पत्र हातात दिलं की ती आधी हुंगायची, मग कपाळाला लावायची, मग आमच्या मुन्शींकडून वाचून घ्यायची. एकदा मला म्हणाली, "दगडू, तुला रे कोन लिवतं?"

मी म्हटलं, "मला कोन लिवनार बी? माझी समदी माणसं हाकंच्या अंतरावर."

"म्हंजे इत्ती चिठ्ठ्या ढोतो आन् तुज्या नावाची एक बी नै?" तिनं आतला कागद काढून घेतला आणि रिकामा लिफाफा माझ्या हातात कोंबला. "कागज मेरा, लिफाफा तेरा. जा."

मला त्याचं काय झालं सांगता येत नाही. घरी येऊन मी तो लिफाफा कितीदा उलटासुलटा बघितला. किती मुलखांतून आला आणि माझ्या घरात येऊन थांबला. तिथून मला नाद लागला. पत्र दिलं की मी म्हणायचो, "कागद तुमचा, लिफाफा माझा." लोक हसायचे आणि द्यायचे. तसाही तो चुलीतच जायचा होता.

एकच घर देत नव्हतं. वाटेपासून अर्धा कोस आत एक गाव आहे. गावाचं नाव लिहीत नाही, माणसं अजून आहेत. तिथले रखमाजी, आम्ही सगळे त्यांना बप्पा म्हणायचो. त्यांचा निवृत्ती यासीनच्याच पलटणीत होता आणि त्याच्याबरोबरच कैदेत होता. त्याला लिहिता येत नव्हतं, त्याची पत्रं यासीनच लिहायचा. घरात बप्पा आणि निवृत्तीची बायको गोदा, दोघंच. मी लिफाफा मागितला की बप्पा म्हणायचे, "माज्या लेकराचा हात लागलाय त्याला. देत न्हाई म्हंजी न्हाई." मी हट्टी, बप्पा माझ्याहून हट्टी. कागद आणि लिफाफे, दोन्ही एका फडक्यात बांधून त्यांनी खुंटीला टांगलेले होते.

आता माझा गुन्हा सांगतो.

तुर्कांच्या एका शिक्क्यात लाल चांद असायचा. माझ्याकडच्या सगळ्या लिफाफ्यांवर तो अर्धवट उठलेला, कुठं शाई फुटलेली, कुठं नुसता डाग. पुरा चांद एक नव्हता. आणि एका दिवशी मुन्शींनी वाटायला दिलेल्या पत्रांत बप्पांचं पत्र निघालं. त्याच्या वरच्या कोपऱ्यात लाल चांद होता, कोरून काढल्यासारखा. एक टोक कमी नाही. मी तो वाटेनं दहादा काढून बघितला. बप्पा हा लिफाफा देणार नाहीत हे मला ठाऊक होतं. गावाच्या फाट्यावर लिंबाखाली बसलो, चांदाच्या बाजूनं नख फिरवून घडी घातली, आणि तो कोपरा फाडून फेट्याच्या आतल्या घडीत ठेवला.

इथं एक रीत सांगावी लागते. कुणी मयत झालं की कळवायच्या पत्राचा एक कोपरा फाडून पाठवतात. म्हणजे घेणाऱ्याला वाचायच्या आधीच कळतं. तसलं पत्र उंबऱ्याच्या आत नेत नाहीत, बाहेरच फाडून टाकतात. अशी पत्रं मी स्वतः किती वाटली असतील. वाटताना मी आधी भाला खाली ठेवायचो, घुंगरं वाजू नयेत म्हणून. तेव्हा मला रीत ठाऊक नव्हती असं मी म्हणणार नाही. माझ्या डोळ्याला चांद दिसला, कोपरा दिसलाच नाही. एवढंच माझ्याकडं सांगण्यासारखं आहे, आणि ते पुरेसं नाही.

बप्पांच्या तोंडासमोर उभं राहायची माझी हिंमत झाली नाही. उन्हाचं सगळं गाव रानात होतं. मी घुंगरं मुठीत दाबून गेलो, पत्र दाराच्या कडीत खोवलं आणि चोरासारखा निघालो. हातात दिलं असतं तर बप्पांनी तिथंच विचारलं असतं आणि सगळं तिथंच मिटलं असतं. हद्दीवरच्या चौकीत रात्री भाकरी गोड लागली. फेट्यात चांद होता ना.

दुसऱ्या दिवशी सकाळी नगरची थैली घेऊन परत निघालो. ऊन चढायला लागलं तेव्हा त्या फाट्यापाशी आलो. समोरून सखा न्हावी काखेत धोपटी मारून लगबगीनं येत होता.

"कावून रे सखा, एवढ्या घाईनं?"

"निवृत्तीचं क्रियाकर्म हाय की नदीवर. बप्पाची डोई करायचीय."

"कोन निवृत्ती?"

"बप्पाचा, आनखी कोन? काल कोपरा फाटलेलं आलंय म्हनं." सखानं माझ्याकडं डोळे बारीक करून बघितलं. "तूच आनलं असशील की बे, आन् मलाच इचारतो व्हय?"

 सखानं पुढं सांगितलं ते असं. काल तिन्हीसांजेला बप्पा रानातून आले, कडीला कोपरा फाटलेला लिफाफा बघितला आणि उंबऱ्यातच बसले. भावकीतल्या कुणीतरी आतल्या कागदासकट फाडून त्याचे चार तुकडे केले. पत्र उर्दूत, ते वाचायला गावात कुणी नव्हतं, आणि तसलं पत्र कुणी वाचतही नाही. प्रेत परमुलखात राहिलं, म्हणून आज नदीवर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा होता. आणि गोदाच्या बांगड्या फोडायच्या होत्या.

बाहेरच्या माणसाला यात काय एवढं, असं वाटेल. पोरगा जिवंत असला तर येईल की परत. पण पुतळा एकदा जाळला की माणूस मेला. तो उद्या दारात उभा राहिला तरी घर त्याला आत घेताना कचरतं. आणि बायकोच्या फुटलेल्या बांगड्या पुन्हा भरायला कुणी कासार हात पुढं करीत नाही. माझ्या एका नखाएवढ्या चांदासाठी हे होणार होतं.

समोर सरळ वाट डाकघराची होती. पाठीवर सरकारची थैली होती. मी वाट सोडली.

पळण्याचीच नोकरी होती, पण तसा मी आधी पळालो नाही आणि नंतरही नाही. नदी उन्हाळ्याची कोरडी, नुसती वाळू. लांबून माणसं दिसली. वाळूत गोवऱ्या रचलेल्या आणि वर पळसाच्या पानांचा माणूस, डोक्याच्या जागी नारळ. बप्पा घागरीनं अंघोळ करून ओलेत्यानं उभे, हातात विस्तवाचं मडकं. बाजूला बायकांचा घोळका. दोन म्हाताऱ्या गोदाला धरून बसल्या होत्या, एकीच्या हातात दगड. आणि गोदानं दोन्ही हात काखेत दडवले होते. तिचा आवाज मला वाळूत उतरल्या उतरल्या ऐकू आला.

"आदी वाचा कुनीतरी! वाचा, मंग फोडा! काय लिवलंय ते ऐकल्याबिगर म्या हात देत न्हाई!"

"असलं वाचत नसत्यात बाई. हट करू नगं."

घुंगरं ऐकून सगळ्यांनी वळून बघितलं. डाकेचा हलकारा नदीत उतरलेला कुणी कधी बघितला नव्हता. बप्पा म्हणाले, "आता आनखी काय आनलंस रे दगडू?" त्यात राग नव्हता. त्यानंच मला जास्त लागलं.

"बप्पा, इस्तू खाली ठिवा. निवृत्तीचा त्यो कोपरा तिकडून फाटून आला न्हाई. म्या फाडला."

कुणाला काही कळेना. मी फेटा सोडला, घडीतून तो लाल चांदाचा तुकडा काढला आणि तळहातावर धरला. भटजी म्हणाले, "हा डोक्यावर ऊन झाल्याचा प्रकार दिसतो."

गोदानं काखेतले हात काढले. पदराची गाठ सोडली. त्यात लिफाफ्याचे, आतल्या कागदासकट, चार तुकडे होते. फेकून दिलेले तिनं कुणाच्या नकळत वेचून ठेवले होते. वाळूवर एकाशेजारी एक तिनं ते मांडले आणि माझ्या हातातला चांद ओढून घेऊन रिकाम्या कोपऱ्याला लावला. तंतोतंत बसला. शिक्क्याची एक बारीक लाल रेघ इकडून तिकडं गेली होती, तीसुद्धा जुळली.

बप्पांनी मडकं माझ्यामागून येऊन पोचलेल्या सख्याच्या हातात दिलं आणि माझ्या थोबाडीत मारली. एकच. पण जन्मभर नांगर धरलेल्या हाताची. मग विचारलं, "आत काय लिवलंय?"

"उर्दू हाय बप्पा. मला येत न्हाई."

"मंग माजा लेक जित्ता हाय ते कशावरनं? तू कोपरा फाडला म्हनून आतलं बरं असंल, हे कुनी सांगितलं?"

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. भटजी म्हणाले, "वेळ टळतेय."

"टळू द्या," गोदा म्हणाली. एरवी सासऱ्यापुढं तिचा आवाज निघत नसे. तुकडे तिनं पुन्हा पदरात बांधले आणि उभी राहिली. "मुन्शीकडं चला."

पुतळा तसाच वाळूत ठेवून राखणीला सख्याला बसवलं. मग पुढं मी थैली घेऊन, माझ्या मागं ओलेते बप्पा, त्यांच्या मागं पदराची गाठ मुठीत धरून गोदा, आणि मागं भावकी. वाट अडीच कोसांची. माझी घुंगरं वाजत होती आणि मला ती कुठंतरी फेकून द्यावीशी वाटत होती. मी एकच विचार करीत होतो. यासीनचं अक्षर असेल तर बरं. निवृत्तीचं काही बरंवाईट झालं असतं तरी ते यासीननंच लिहिलं असतं, हे मागून सुचलं. मग कुठल्याच गोष्टीचा आधार राहिला नाही.

आमचे मुन्शी करीमसाहेब डाकघराच्या दारात घड्याळ हातात घेऊन उभे होते. कडक माणूस. थैली बघितली आणि कडाडले, "किदर था बे? येवढा लेट? आन् ही वरात कशाची आनली?"

मी थैली पुढं ठेवली आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. चोरी, कडी, नदी, पुतळा. मुन्शींनी घड्याळ खिशात टाकलं. बप्पांना हात धरून ओट्यावर बसवलं. गोदाकडून तुकडे घेतले, लिफाफ्यातून कागद वेगळा केला आणि मेजावर जुळवला. चष्मा पुसला. तो चष्मा पुसायला त्यांना त्या दिवशी जितका वेळ लागला तितका माझ्या आयुष्यात कशालाच लागला नाही.

"यासीनचं अक्षर आहे," ते म्हणाले. मग मनातल्या मनात दोन ओळी वाचल्या आणि मान वर केली. "बप्पा, मुबारक. खुशाल आहे तुमचा लेक."

कुणी रडलं नाही की ओरडलं नाही. बप्पांनी नुसतं "हां" म्हटलं आणि प्यायला पाणी मागितलं. पहिला लोटा संपवून दुसरा मागितला.

मग मुन्शींनी सगळं वाचलं, उर्दू वाचायचं आणि मराठीत सांगायचं. निवृत्तीला ताप येऊन गेला, आता भाकरी पचते. त्याला कैदेतल्याच एका इंग्रज साहेबाच्या चाकरीला ठेवलं आहे. साहेबानं पळून जाणार नाही असा कौल तुर्कांना लिहून दिला, म्हणून साहेबाला बाजारात मोकळं फिरू देतात, आणि साहेबाच्या मागं पिशवी धरून निवृत्तीलाही. तिथं अंजीर लई. ज्वारी कुणाला ठाऊक नाही. पांढऱ्या बैलाचा खूर बरा झाला का, ते कळवावं. घरात सगळ्यांना सांगावं, काळजी करू नये.

"मला काय लिवलंय?" गोदानं खांबाआडून विचारलं.

"घरात सगळ्यांना लिहिलंय की."

"समद्यांत तू आलीसच की गं," बप्पा म्हणाले, आणि गोदा तोंडाला पदर लावून हसली की रडली ते मला कळलं नाही.

"थांबा, अजून आहे," मुन्शी म्हणाले. त्यांनी शेवटचा तुकडा डोळ्याजवळ नेला आणि मग चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "हे तुझं आहे."

"माजं?"

"'डाकवाल्या दगडूला आमच्या दोघांचा रामराम आणि सलाम. अम्मीनं कळवलं की तो आमचे लिफाफे जमवतो. निवृत्ती म्हणतो, आमचे बप्पा काही द्यायचे नाहीत. म्हणून निवृत्तीचं बप्पांना सांगणं आहे की हा लिफाफा दगडूला द्यावा. त्याच्यासाठी चांदाचा शिक्का मी नव्या शाईत बुडवून कोपऱ्यात नीट उठवला आहे.'"

मी खाली बसलो. माझ्या नावानं आयुष्यात कुणी चार ओळी लिहिल्या, त्या ह्या.

आधी बप्पा हसले. "म्हंजे तुजाच माल तू चोरला की बे!" मग भावकी हसली, मग मुन्शी. क्रियाकर्माला निघालेली माणसं डाकघराच्या ओट्यावर पोट धरून हसत होती आणि माझा गाल अजून चुरचुरत होता. गोदा तेवढी हसली नाही. ती माझ्यापाशी येऊन म्हणाली, "दगडूभाऊ, पुन्यांदा दारात काई खोवून जाऊ नगा. हातात देत जावा." मी त्यानंतर कधीही, कुणाचंही पत्र कडीला लावलं नाही. दार बंद असलं तर रानात जाऊन दिलं.

मुन्शींनी खळ करून आणली आणि लिफाफ्याचे तुकडे आपल्या हातानं चिकटवले, कोपऱ्यासकट. कागद बप्पांना, लिफाफा मला. मग वही काढली. थैली उशिरा का, ते त्यात लिहावं लागतं. मी म्हटलं, खरं काय ते लिहा, नोकरी गेली तर गेली. त्यांनी लिहिलं आणि मला वाचून दाखवलं, "नदीला पाणी असल्यामुळे." भर वैशाखात. वरच्या साहेबांनी ते कधी विचारलं नाही. आमच्या नद्या वरच्या साहेबांना कुठं ठाऊक.

त्या दिवशी बप्पांनी सगळ्यांकडून शब्द घेतला. निवृत्ती आला तर त्याच्या कानावर हे जायचं नाही. जिवंत माणसाला आपला पुतळा रचलेला कळणं बरं नव्हे. भटजींनी पळसाची पानं सोडून शेळ्यांपुढं टाकली, नारळ कुणी खाल्ला ठाऊक नाही, आणि अख्ख्या गावानं शब्द पाळला. बायामाणसं धरून.

लढाई संपल्यावर निवृत्ती नगरहून चालत आला आणि हद्दीवरच्या चौकीत मलाच आधी भेटला. वाळून काटकी झालेला. माझ्या घुंगरांबरोबर पावलं टाकत तो गावापर्यंत आला. वाटेत पहिलं विचारलं ते बैलाचं. दुसरं विचारलं, "लिफाफा मिळाला का रं तुला? बप्पांनी दिला?"

"मिळाला."

"आन् चांद? यासीननं लई जीव लावून मारला होता शिक्का."

"पुरा उठलाय," मी म्हटलं. "एक टोक कमी न्हाई."

यासीन पुढच्या हंगामात आला. त्या बाजाराला हाजराबीनं टोपलीभर सीताफळं फुकट वाटली. सगळेच आले असं नाही. माझ्या डब्यातले काही लिफाफे असे आहेत की त्या घरांना त्यानंतर दुसरा लिफाफा आला नाही. ते मी वेगळे बांधून ठेवलेत.

यंदा चैत्रात माझ्या नावानं एक कार्ड आलं. आता मला माझ्या नावाची पत्रं येतात, लेकी लांब दिल्यात. ह्या कार्डाचा कोपरा फाटलेला होता. माझी वेडी खोड, मी पोस्टमनला आधी विचारलं, "तू तर न्हाई ना फाडला?"  कार्ड निवृत्तीच्या मुलाचं होतं. पिकल्या वयात गेला, झोपेत, भरल्या घरात. माझ्यावरची बंदी त्या दिवशी उठली.

रीत अशी की ते कार्ड फाडून टाकायचं. मी टाकलं नाही. डब्यात त्या लिफाफ्याला लागून ठेवलंय. पहिला फाटका कोपरा आणि हा दुसरा, यांच्या मधली चाळीसवर वर्षं निवृत्ती जगला. विहीर बांधली, दोन मुलं नि एक लेक वाढवली, माझ्याशी भांडलाही.

गोदा त्याच्या दोन वर्षं आधी गेली. मी गेलतो पोचवायला, त्याच नदीवर. बायकांनी तिला हिरवं लुगडं नेसवलं होतं, मळवट भरला होता. मी तिच्या हातांकडं बघितलं. दोन्ही हातांत कोपरापर्यंत चुडा होता.